छातीवर हात ठेवून

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीमुळे माझा आजवर एकदाच ईसीजी काढावा लागला आहे.

त्याचं असं झालं. पुण्याहून दिल्लीला बदली होऊन काही वर्षं झाल्यावर आम्ही मयूर विहारच्या एका सहकारी सोसायटीत राहायला आलो, त्याच सुमारास तिथे केबल आली. गच्चीवर भली मोठी डिश बसली आणि जे लोक कालपर्यंत संध्याकाळच्या बातम्यांवर समाधानी होते ते परदेशी चॅनेलांवरचं हवामानसुद्धा बघू लागले. मी तर जास्तच. एका सकाळी चहा घेता घेता मी टीव्ही लावला, तर अमेरिकेतले दोन उमेदवार समोरासमोर उभे राहून देशापुढे वाद घालत होते. मी थक्क होऊन बघत राहिलो. आईला इंग्रजी येत नसल्यामुळे ती फक्त चेहरे बघत होती. बराच वेळ बघून तिने विचारलं, "इतकं भांडताहेत, पण एकमेकांच्या अंगावर जात कसे नाहीत?" शेवटी त्या दोघांनी हसून हात मिळवले, तेव्हा तर तिला हे सगळं ठरवून केलेलं नाटक असल्याची खात्रीच पटली.

मला मात्र लोकशाहीचा साक्षात्कार झाला. (माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या मते साक्षात्कार मला रिकाम्या पोटीच होतात.)

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होते मेहरोत्रा साहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, आवाज इतका शांत की समोरच्यालाच कुजबुजल्यासारखं बोलावं लागे. दर निवडणुकीत ते बिनविरोध निवडून येत, कारण त्यांच्याशिवाय कोणाला ते काम नकोच होतं. काम म्हणजे मुख्यतः पाणी. वरच्या मजल्यांवर नळ नुसते शीळ घालायचे आणि सगळी सोसायटी टँकरची वाट बघत बादल्या घेऊन उभी असायची. पाण्याच्या टाक्या नव्याने बांधायला हव्यात असं माझं प्रामाणिक मत होतं. तेव्हा मी निवडणुकीला उभा राहिलो आणि वर जाहीर सभेत मागणी केली की उमेदवारांचा वादविवाद टीव्हीवर व्हावा.

मेहरोत्रा साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अच्छा, टीवी पर? ठीक है. बस टँकर आने से पहले खत्म कर दीजिएगा."

आमचा केबलवाला बंटी लग्नांची व्हिडिओ शूटिंगही करायचा. त्याच्याकडे कॅमेरा होता, नवरा-नवरीच्या तोंडावर मारायचा हॅलोजनचा दिवा होता, आणि सिनेमे दाखवायला स्वतःचा एक चॅनेल होता. सोसायटीच्या हॉलपासून शेजारच्या इमारतीतल्या त्याच्या खोलीपर्यंत वायरी ओढून तो थेट प्रक्षेपण करायला आनंदाने तयार झाला. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी घरीच बसून बघायचं ठरलं. हॉलमध्ये आम्ही दोघं आणि बंटी, बस.

मी आठवडाभर आरशासमोर तालीम केली. त्या दोन अमेरिकन उमेदवारांपैकी एकाची एक लकब मला फार आवडली होती. महत्त्वाचं वाक्य आलं की तो छातीवर हात ठेवायचा. मीही ठेवू लागलो. शिवाय लग्नातला कोट बाहेर काढला आणि लाल टाय बांधला. लग्नानंतर माझी जी काही प्रगती झाली होती ती सगळी पोटावर आणि गळ्यावर झालेली असल्यामुळे कॉलरचं बटण लावताना डोळ्यांसमोर काजवे चमकले. सुनंदा म्हणाली, "अहो, श्वास तरी घेता येतोय का?" मी म्हटलं की बोलायला लागलो की सैल होईल.

हॉलमध्ये बंटीने हॅलोजन लावला आणि मला भाकरीची व्यथा कळली. पाचव्या वाक्यालाच माझ्या कपाळावरून घाम निथळू लागला. मी बंटीला पंख्याची खूण केली. त्याने कोपऱ्यातला उभा पंखा ओढून आणला, पण बोर्डावर जागा नव्हती. त्याने क्षणभर विचार केला, एक प्लग उपसला आणि तिथे पंख्याचा लावला. आता पंखा माझ्याकडे वळवायचा की वडीलधाऱ्या माणसाकडे? मी पुण्याचा असलो तरी संस्कार होतेच. मी तो मेहरोत्रा साहेबांकडे वळवून दिला. ते मंद वाऱ्यात कुर्ता फडफडवत शांत बसले आणि मी भाजत राहिलो.

बंटीने उपसलेला प्लग आवाजाचा होता.

हे आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नाही. मी मात्र रंगात आलो होतो. "दिल पे हाथ रखके कहता हूँ," म्हणून मी छाती धरली. लोकांचे घसे पाण्यावाचून कसे सुकलेत हे सांगताना गळा धरला. टँकरचा पाइप किती जड असतो हे दाखवायला डावा हात लांब करून वेडावाकडा पिळला. मध्येच टायने दम कोंडला म्हणून तोंड उघडून दोनदा हवा घेतली, आणि पुन्हा छातीवर हात. त्या दिवसासारखं भाषण मी आयुष्यात कधी केलं नाही.

घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आवाज येईना म्हणून आधी सगळ्या सोसायटीने आपापल्या टीव्हीला चापट्या मारल्या. आमची सई, जन्मापासून दिल्लीतली, म्हणाली, "आजी, पापाचा आवाज गायब झाला. पापा ठीक आहे ना?" आई टीव्हीसमोर अगदी जवळ जाऊन बसली होती. आमचे वडील असेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला होता, आणि शेजारी बसलेल्या आईला वाटलं होतं की ते सदऱ्याचं बटण चाचपताहेत. ती हे कधी बोलत नसे. त्या संध्याकाळी तिने पडद्यावरच्या मुलाचा घामाने डबडबलेला लाल चेहरा बघितला, उठली आणि अनवाणीच जिना उतरू लागली. सुनंदा तिच्या मागे धावली. खालच्या मजल्यावरच्या भाटिया आंटी दार उघडून आधीच बाहेर आल्या होत्या. त्यांनाही तसंच वाटलं होतं! प्रत्येक मजल्यावर माणसं वाढत गेली.

इकडे हॉलचं दार धाडकन उघडलं आणि निम्मी सोसायटी आत घुसली. मला वाटलं, जिंकलो. मतदान व्हायच्या आधीच जनता उत्स्फूर्तपणे आली! चौघांनी मला उचललं तेव्हा तर मी हात हलवून लोकांचं अभिवादनही स्वीकारलं. फक्त विजयी उमेदवाराला खांद्यावर बसवतात आणि मला आडवं का धरलंय, एवढं एक कोडं सुटत नव्हतं. माझे पाय खुद्द मेहरोत्रा साहेबांनी धरले होते.

"अरे, मी ठीक आहे," मी म्हटलं.

"बोलू नकोस," आई म्हणाली.

सोसायटीत डॉक्टर एकच, सक्सेना, आणि ते दातांचे. गर्दीतून वाट काढत ते आले आणि सवयीने त्यांनी मला आधी तोंड उघडायला लावलं. मग भानावर येऊन टाय सोडला. तो सुटताच मी इतका खोल श्वास घेतला की बघणाऱ्यांना तो शेवटचाच वाटला. भाटिया आंटी रडू लागल्या. मेहरोत्रा साहेबांनी आपली मारुती व्हॅन काढली, मागची सीट पाडून मला त्यात निजवलं आणि लाल सिग्नलची पर्वा न करता, म्हणजे त्यांच्या स्वभावाविरुद्ध, नर्सिंग होमला पोचवलं.

तिथे छातीला थंडगार, चिकट काहीतरी लावून ईसीजी काढला. तरुण डॉक्टरांनी विचारलं, हल्ली काही टेन्शन? मी म्हटलं, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि डोक्याला मार लागलाय का तेही तपासलं. सगळं काही नॉर्मल निघालं. हे आईला सांगितल्यावर ती बाकावर बसली, पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

पलीकडे मेहरोत्रा साहेब मांडीवर माझा कोट आणि हातात माझे बूट घेऊन बसले होते. मी ओशाळून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. तुमचा टँकर चुकला असेल, असं काहीतरी पुटपुटलो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाटणकर जी, टंकी वाली बात आपने बहुत अच्छी कही. मैं तो सुन रहा था."

परत आल्यावर आवाजाच्या प्लगची हकीकत कळली आणि मला त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का बसला. माझं ते अजरामर भाषण सोसायटीत कोणाच्याही कानावर पडलेलं नव्हतं! बंटीने मात्र लोकाग्रहास्तव ती मूक चित्रफीत आठवडाभर रोज दाखवली. खाली पट्टी होती, "पाटणकर जी जल्दी ठीक हों". जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला लसूण खायला सांगू लागला.

पुढच्या रविवारी मतदान झालं. चिठ्ठी हातात घेतल्यावर मला ते बूट धरून बसलेले मेहरोत्रा साहेब आठवले आणि त्या माणसाविरुद्ध मत देणं काही जमेना. मी त्यांनाच दिलं. मोजणी झाली. मेहरोत्रा साहेब प्रचंड बहुमताने विजयी. मला मत पडलं एक.

आईने दिलं असणार, म्हणून मी घरी येऊन तिला नमस्कार करायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. "मी मेहरोत्रांना दिलं. तुला जिवंत ठेवायचंय मला," ती म्हणाली. सुनंदाकडे बघितलं तर ती एकदम खूप मन लावून मटार सोलू लागली.

संध्याकाळी अभिनंदन करायला मेहरोत्रा साहेबांकडे गेलो. चहा घेताना म्हटलं, मला एक मत कोणी दिलं ते काही कळत नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "भई, भाषण अच्छा था. टंकियाँ तो बननी ही चाहिए."

मी घरी परतलो तो ताठ मानेने. माझं भाषण ज्या ज्या मतदारांच्या कानावर पडलं होतं, त्यातले शंभर टक्के माझ्या बाजूने वळले होते. अपवाद एकच, मी स्वतः.