काट्यावरच्या शांतारामाचा श्वास

बाबलीच्या हातात दोन कागद होते. खाणीवरच्या आरोग्य शिबिरातला गेल्या वर्षीचा म्हणत होता, फुप्फुसं उत्तम. इस्पितळातला आजचा म्हणत होता, निम्मीही उरलेली नाहीत.

"एका वर्षात एवढी घसरण धुळीनं होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा दुसराच काही आजार दिसतो. छाती उघडून तुकडा काढून तपासावा लागेल."

बाबलीनं खाणीवरचा कागद मुडपला, कारण त्या कागदाचं गुपित त्याला ठाऊक होतं.

सोळा वर्षं तो सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक हाकत होता. लोहखनिजाच्या धुळीनं थुंकला तरी लाल, नाक शिंकरलं तरी लाल. चार वर्षांपूर्वी नळीत फुंकून फुप्फुसं तपासायचं शिबिर सुरू झालं, आणि त्यात ज्याची फुंकर कमी पडेल त्याला घरी बसवतात, अशी आवई उठली होती. मग गड्यांनी शक्कल काढली. ट्रकांचं वजन करतात त्या काट्यावर शांताराम बसायचा. जत्रेत सनई वाजवणारा माणूस, छाती भात्यासारखी. सदरा बदलून तोच दरवर्षी प्रत्येकाच्या नावानं नळीत फुंकायचा. बदल्यात चहा-पाव, आणि सगळे खो खो हसायचे. बाबलीही हसायचा.

आता त्या हसण्याची त्याला शिसारी आली. खाणीच्या डॉक्टरची तर त्याहून जास्त. एका सकाळी तेच मिशाळ तोंड अकरा वेळा समोर येतं, आणि हा गृहस्थ मान वर न करता सही ठोकतो. आंधळा म्हणावा, तर चहात पडलेली माशी त्याला बरोब्बर दिसायची.

सांगावं तर आपली आणि शांतारामाची दोघांची नोकरी जाणार. न सांगावं तर छाती फाडून घ्यायची. बायको सुमंगला शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "सांगून टाका. कोणाक भितात तुमी?"

"बाई, तो श्वास माजो न्हय," बाबली म्हणाला. "शांतारामाचो. आमच्या सगळ्यांच्या नावान चार वर्सां तोच फुंकतालो."

बाईंनी चष्मा काढला. "मग तुमची स्वतःची तपासणी याआधी कधी झाली?"

"केन्नाच ना. आजच पयली."

बाईंनी खाणीचा कागद बाजूला सारला. "म्हणजे ही धूळच. तुकडा काढायला नको."

बाबलीनं सुस्कारा सोडला. "मगे औषध?"

"खोकल्याला देते. गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत." बाई चिठ्ठी लिहू लागल्या. "चार वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः फुंकलं असतंत, तर तेव्हाच तुम्हाला खाणीवरून घरी बसवलं असतं. निदान निम्मी तरी वाचली असती."