ज्या गावानं मला हेर ठरवलं

सांगलीच्या एका वाचनालयातून फोन आला तेव्हा कोणीतरी चुकून लावला असेल, असं समजून मी तो ठेवूनच दिला. मला कोण बोलावणार? मी नाशिकची, विमा कचेरीतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. पण फोन पुन्हा वाजला. हेरकथांवर मी एका मासिकात काहीबाही लिहिलं होतं, ते तिथल्या ग्रंथपालबाईंच्या वाचनात आलं होतं. "लोक अजून हेरांच्या पुस्तकांत आणि सिनेमांत एवढे का रमतात, यावर बोलाल का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर विचारात पडले. शाळेत असल्यापासून मी हेरकथा वाचत आले, हेरांचे सिनेमे तर जेवण विसरून पाहिले. पण का, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग मी एक छानसं उत्तर बेतलं. माणसाला रहस्याची ओढ असते, धोक्याची चव घरबसल्या मिळते, वगैरे. भाषणात शोभून दिसेल असं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधीच मी निघाले, त्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. माझ्या तरुणपणी भाड्यानं मिळणाऱ्या हेरकथांमधला नायक हटकून साताऱ्याकडचा असायचा. परदेशी राजधानीत सूट घालून ऐटीत हिंडायचा, पण गोळी लागली की त्याला आईच्या हातची भाकरी आठवायची. या गड्याचं गाव एकदा डोळ्यांनी बघावं, असं फार वर्षं मनात होतं. आता माझ्याकडे वेळच वेळ होता.

पुण्याहून रेल्वे धरली. लोणंदला गाडी थांबली आणि कांद्याचा उग्र वास डब्यात शिरला. तिथं चढलेलं एक जोडपं माझ्यासमोर बसलं. बाईंनी पिशवी पायाशी सारली आणि विचारलं, "कुणाकडं निघालायसा?"

"कोणाकडे नाही. फिरायला."

"येकट्याच?"

"हो."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मला एक केळं दिलं. त्यानंतर साताऱ्यापर्यंत आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.

सातारा स्टेशन शहरापासून लांब आहे, त्यामुळे रिक्षावाल्याची मर्जी सांभाळावी लागते. लॉजच्या खोलीतून अजिंक्यतारा किल्ला समोर दिसत होता. संध्याकाळी कंदी पेढे घ्यायला गेले. "घरी न्यायला का? मग किलोभर तरी घ्या," दुकानदार आग्रहानं म्हणाला. मी पाव किलो म्हटल्यावर त्याला वाटलं मला मधुमेह आहे. मी तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कराडच्या एसटीत बसले आणि कंडक्टरला म्हटलं, "फौजी लोकांचं एखादं गाव असेल तिथं उतरवा." त्याला माझी मागणी मुळीच विचित्र वाटली नाही. "हितं समदी तसलीच हायती," असं म्हणून त्यानं मला एका फाट्यावर उतरवलं. उसाच्या ट्रॉल्या धूळ उडवत कारखान्याकडे चालल्या होत्या. फाट्यापासून गाव जवळच होतं. वेशीपाशी एक जुना दगड होता. गावातली किती माणसं महायुद्धावर गेली, ते त्यावर कोरलेलं. मी त्याचे फोटो काढले. कमानीवरच्या नावांचे काढले. घरांचेही काढले.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक वयस्कर बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचं नाव हौसाबाई, हे नंतर कळलं. मी त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या.

"मुलगा सैन्यात आहे का?"

"व्हय."

"कुठे असतो?"

"बाहीर." (या गावात 'बाहीर' म्हटलं की पुढं विचारायचं नसतं. मला ते कुठं ठाऊक?)

"सुट्टीवर कधी येणार?"

"येईल की."

"गावातले एकूण किती जण असतील हो सैन्यात?"

शेंगा फोडणारा हात थांबला. "बसा, च्या ठेवती," म्हणत त्या आत गेल्या, त्या नवऱ्याला घेऊनच बाहेर आल्या. लोकरी टोपी, पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. सारं गाव त्यांना सुभेदार म्हणतं. त्यांनी आधी फाटकाची कडी घातली, मग माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"नाव? गाव? कुणाची वळख सांगून आलायसा? फोटू कशापायी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हेराच्या गावाला मोठ्या प्रेमानं गेलेली मी, त्या गावानं मलाच हेर ठरवलं होतं! आधी मला हसू आलं. सुभेदार हसत नाहीत हे पाहिल्यावर ते विरलं.

मी आधार कार्ड काढून दाखवलं. हौसाबाई म्हणाल्या, "असली कार्डं पिच्चरमदी ढिगानं असत्यात."

तेवढ्यात जेवणवेळ झाली. संशयित असले तरी मी दारात आलेली होते, तेव्हा ताट आलंच. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि म्हाद्या (शेंगदाण्याच्या कुटाचं दाट कालवण). चौकशी आणि आग्रह दोन्ही एकदमच चालू होते. "आणि भाकरी घ्या. नाशकात कुठं ऱ्हाता? संकोच करू नगासा. बरुबर कुणी हाय का?"

शेवटी सुभेदार म्हणाले, "बाई, तुमी वाईट दिसत न्हाई. पर हितली पोरं सरहद्दीवर हायती. तुमाला वळखणाऱ्या कुणाला बी फोन लावा. 'ही आमची हाय' एवढं त्यानं म्हणावं, की तुमी मोकळ्या. न्हाईतर मला पोलीस पाटलाला बोलवावं लागंल."

एवढीशी तर गोष्ट. मी शेजारच्या बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कचेरीतल्या जुन्या मैत्रिणीला लावला. तो क्रमांक आता अस्तित्वात नव्हता. भाचीला लावला. तिनं कापला आणि 'मीटिंगमध्ये आहे' एवढा मेसेज पाठवला. पुढची नावं मी अंगठ्यानं सरकवत राहिले. गॅसवाला. नळदुरुस्तीवाला. दातांचे डॉक्टर. पोलीस पाटलाची भीती केव्हाच मागं पडली होती. आपल्याला 'आमची' म्हणणारं कोणी आहे की नाही, हे मला परक्यांच्या ओट्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत कळत होतं.

अखेर सांगलीच्या ग्रंथपालबाईंना लावला. सुभेदारांनी फोन कानाला लावून ऐकून घेतलं आणि परत दिला. "त्या म्हणत्यात, बाई येणार हायती हे खरं. पर त्यांनी बी तुमाला अजून बघितलं न्हाई."

सुभेदार उठले. बहुधा पाटलांकडेच निघाले होते.

"बसा खाली," हौसाबाई त्यांना म्हणाल्या. "आवं, मी एवढं पिच्चर बघती. हेराचा फोन पयल्या घंटीला उचलत्यात. पलीकडं कुणी तरी कान लावूनच बसल्यालं असतंय. हिचा तर कुणीच उचलंना. ही कसली हेर!"

सुभेदारांना ते पटलं. मी सुटले, आणि मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. निर्दोष ठरायला एवढंच पुरलं होतं.

हौसाबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. तुम्हाला हेरांचे सिनेमे इतके का आवडतात, मी विचारलं.

"पोरगं कुठं हाय ते सांगत न्हाई. त्येला सांगता बी येत न्हाई. मग मी पिच्चरात बघती. मारामारी सुरू झाली की आत जाती. शेवटाला येती. त्यो घरी आला का, एवढंच बघायचं असतंय."

एसटी आली. "पोचल्यावर कळवा," त्या म्हणाल्या. माझा आणि ग्रंथपालबाईंचा नंबर त्यांनी सुभेदारांच्या फोनमध्ये आधीच घालून घेतला होता. हो हो, म्हटलं. आपण सगळेच म्हणतो तसं.

कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर बराच वेळ बसले. दोन नद्या समोरासमोरून येऊन भेटतात, त्या पाहायला माणसं दुकट्यानं आली होती. मग सांगली. ग्रंथपालबाईंनी भडंगाचा पुडा देऊन स्वागत केलं. सभागृह भरलं होतं. मी बेतलेलं उत्तर बेतल्यासारखं म्हणून दाखवलं. रहस्याची ओढ, धोक्याची चव. टाळ्या पडल्या. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "पण तुम्हाला स्वतःला का आवडतात?"

"वेळ छान जातो," मी म्हणाले.

खरं उत्तर मिरजेहून परतीच्या गाडीत सापडलं, आणि तिथं ऐकायला कोणी नव्हतं. पुस्तकातला हेर जगात एकटा असतो, म्हणून तो मला माझा वाटायचा. पण त्याचा निरोप आला नाही तर दूर कुठल्या तरी खोलीत माणसं अस्वस्थ होतात, नकाशे काढतात, शोधायला निघतात. मी इतकी वर्षं ते वाचत होते. मला हेवा वाटायचा तो त्याच्या धाडसाचा नाही, त्याच्यासाठी अस्वस्थ होणारी माणसं त्याला होती याचा.

दुपारी नाशिकला पोचले. कपडे धुतले, खिचडी टाकली, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत असताना फोन वाजला.

"सुभेदार बोलतोय. ही कालपास्नं माझं डोकं खातीया. घ्या, बोला."

"पोचला न्हवं?" हौसाबाईंचा आवाज चढलेला होता. "मग सांगायला काय धाड भरली? सांगलीत फोन केला, त्या म्हणाल्या कवाच गेल्या. मानसानं काय समजायचं?"

आई गेल्यापासून मला असं कोणी रागावलं नव्हतं. चहा गाळणीवरून ओट्यावर सांडत होता आणि मी तशीच उभी होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "कालच पोचले."

"आता घरी हाय न्हवं?"

"घरीच आहे."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.