दोन पियानो मावतील अशी गाडी

भिजलेल्या पानांचा, पेट्रोलचा आणि धुराड्यांतून खाली उतरलेल्या कोळशाच्या धुराचा एक मिश्र वास अजूनही कधीकधी अवचित नाकाशी येतो, आणि बर्मिंगहॅममधल्या त्या जुन्या गाड्यांच्या आवारात मी पुन्हा उभी राहते. ऑक्टोबर सरत आला होता. दुपारचे तीनच वाजले होते, पण उजेड इतका क्षीण की दिवसाला स्वतःचाच कंटाळा आला असावा. माझ्या बुटांत पाणी शिरले होते, आणि समोर दोन पिकअप गाड्या उभ्या होत्या. एक छोटी, हिरवी, पुढून अगदी घरगुती मोटारीसारखी आणि मागे जेमतेम एका पलंगाएवढा उघडा हौदा असलेली. दुसरी मध्यम आकाराची, राखाडी, उंच चाकांची. तिच्या हौद्याला लाकडी फळ्या होत्या आणि त्या फळ्यांवर आधीच्या मालकाच्या दोरखंडांचे काळे वळ उमटले होते.

माझे यजमान त्या दोन गाड्यांमध्ये येरझारा घालत होते. मुंबईत असताना, फोर्टमधल्या एका वाद्यांच्या दुकानात, ते पियानो जुळवायचे. आमच्या बेने इस्रायल ज्यू समाजात कुणी सुतार, कुणी कारकून, कुणी दवाखान्यात. पियानो जुळवणारे हे एकटेच, आणि त्याचा त्यांना मूक अभिमान होता. इंग्लंडात पियानो घरोघरी असतात, या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही बोटीत बसलो. पियानो घरोघरी होतेच. पण त्यांना हात लावायला एका काळ्यासावळ्या परक्या माणसाला आत बोलावणारी घरे थोडी होती. मग हे पत्र्यावर ठसे मारणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात लागले, मी इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी सांधू लागले, आणि बघता बघता नऊ वर्षे गेली. त्या शरदात कारखान्याने माणसे कमी केली, त्यांत हेही होते. घरी येऊन हे म्हणाले, आता पियानोचेच काम करायचे, आणि त्यासाठी गाडी हवी. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात काहीतरी हलले होते. मी त्यालाच आशा समजले.

माझे मन छोट्या गाडीवर होते. आमच्या घरामागची गल्ली अरुंद होती, मोठी गाडी तिथे वळलीच नसती. आणि पियानो जुळवणाऱ्याला लागते तरी काय? हत्यारांची एक पेटी, तारांची भेंडोळी, फार तर दुरुस्तीला घरी आणायचा पट्ट्यांचा सांगाडा. आवाराचा मालक, मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला एक हसरा गृहस्थ, माझ्याच बाजूचा निघाला.

"मिसेसचं ऐका," तो यांना म्हणाला. "एक पियानो ही छोटीही नेते. रोज कितीसे पियानो हलवणार आहात तुम्ही?"

खिशातली टेप काढून यांनी राखाडी गाडीचा हौदा लांबीरुंदीने मोजला, फळ्या हलवून पाहिल्या, आणि मराठीत मला म्हणाले, "हीच घेऊ. हिच्यात दोन उभे पियानो मावतील."

"अहो, पण दोन कशाला? जुळवायचा तर लोकांच्या घरी जाऊनच ना?"

"दोन मावायला हवेत," ते पुन्हा म्हणाले, माझ्याकडे न बघता. त्या स्वरात हट्ट नव्हता. एखाद्या लांबच्या नातलगाच्या निधनाची वार्ता सांगावी तसा तो स्वर होता. पुरुषांना मोठी गाडी आवडते, एवढेच मी त्यातून काढले, आणि त्या उथळ निष्कर्षाची मला आजही शरम वाटते.

त्या वर्षांत शहर आपलीच कूस उकरत होते. जुन्या लाल विटांच्या रांगाच्या रांगा कौन्सिल पाडत होती आणि माणसांना उंच, करड्या इमारतींमध्ये हलवत होती. त्या इमारतींच्या लिफ्टमध्ये माणूस मावे, खुर्ची मावे. पियानो मावत नसे. आणि पाडायच्या प्रत्येक गल्लीत पियानो होते: कुणाच्या आजीचे, कुणाच्या लग्नातले, मेणबत्त्या खोचायच्या पितळी कड्या अजून मिरवणारे. आमच्या दारी निरोप येऊ लागले, पण जुळवायला या असे कुणी म्हणत नव्हते. घेऊन जा, एवढेच. सुरुवातीला हे दोनचार घरी घेऊन आले. आमची पुढची खोली किडीने पोखरलेल्या, मुक्या लाकडांनी भरली. त्यांना गिऱ्हाईक मिळेना. मग राखाडी गाडी कचऱ्याच्या टेकडीकडे जाऊ लागली. तिथली माणसे घण घालून लाकूड फोडत आणि आतली लोखंडी चौकट भंगारासाठी बाजूला काढत. एकेका खेपेला दोन पियानो जात. शुक्रवारी दिवे लागायच्या आत हे परत येत, हात घासून घासून धूत, आणि मी शब्बाथचा, आमच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावताना नेहमीपेक्षा थोडे दूर उभे राहत.

मार्चमध्ये, माझ्या सुट्टीच्या एका दुपारी, पियानो चढवायची फळी धरायला म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. रस्त्याची एक बाजू आधीच जमीनदोस्त झाली होती. दुसऱ्या बाजूला एकच घर राहते होते. तिथे एक वृद्ध बाई एकट्या होत्या. सामान बांधून झाले होते, खोलीत ओलसर कागदाचा आणि लव्हेंडरचा वास होता. पियानो भिंतीशी उभा होता, वरची धूळ नुकतीच पुसलेली. त्या म्हणाल्या, "न्यायच्या आधी एकदा जुळवाल का? मला एकदाच नीट ऐकायचाय. मग न्या."

यांचा चेहरा पाहून मला वाटले की ते नकार देतील. पण त्यांनी गाडीतून पेटी आणली, कोट काढला, बाह्या दुमडल्या. तारा पिळायची ती जुनी मुंबईची चावी त्यांच्या मुठीत मी कित्येक महिन्यांनी पाहत होते. खालचे स्वर, मधले स्वर ते जुळवत गेले, आणि त्या रिकाम्या खोलीत एकेक स्वर थरथरत, लंगडत, शेवटी सरळ उभा राहू लागला. बाई दाराला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. मग यांचे हात उजवीकडे, अगदी वरच्या पट्ट्यांपाशी आले आणि थांबले. त्यांनी एक पट्टी दाबली. पुन्हा दाबली. कान लाकडाला लावला.

"इकडे ये," ते मराठीत म्हणाले. "ही वाजतेय का?"

मी दाबली. पातळ, चकचकीत आवाज आला, काचेच्या पेल्यावर चमचा लागावा तसा. "वाजतेय की. छान वाजतेय."

"मला नुसतं लाकूड ऐकू येतं. टक. बाकी काही नाही."

"कधीपासून?"

"कारखान्यात चौथं-पाचवं वर्ष असेल. आधी सगळ्यात वरची गेली. मग एकेक करून खालच्या."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितले की बाईंना वाटले असावे, आम्ही तारांविषयीच काही बोलत आहोत. आणि त्या क्षणी ऑक्टोबरातली ती दुपार माझ्यापुढे उघडी पडली. त्यांना तेव्हाच ठाऊक होते. जुळवणाऱ्याला छोटी गाडी पुरते. वाहून नेणाऱ्याला मोठी लागते. माझ्यासमोर, टेप हातात घेऊन, त्यांनी दोन गाड्यांतून नव्हे तर आपल्या दोन आयुष्यांतून निवड केली होती, आणि निवडीसारखे तिथे काही उरलेच नव्हते.

"आता तू ऐक," ते म्हणाले. "एका स्वराच्या तीन तारा असतात. तिन्ही मिळून एक वाटल्या की सांग."

त्यांनी चावी लावली. मी पट्टी दाबत राहिले. आवाज चढत होता, किंचित लहरत होता. पण तीन कुठे संपतात आणि एक कुठे सुरू होतो हे कळायला जो कान लागतो तो मला कधीच नव्हता. ते माझ्या ओठांकडे बघत होते. कुठेतरी थांबायला हवे म्हणून मी म्हणाले, "जुळलं."

पुढची पट्टी. "जुळलं." त्याच्या पुढची. "जुळलं."

बाईंनी खुर्ची ओढून एक साधीशी चाल वाजवली, दोनदा चुकल्या, आणि झाकण स्वतःच्या हाताने बंद केले. वरच्या पट्ट्यांपर्यंत त्यांचा हात गेलाच नाही. शेजारच्या पाडकामावरची दोन माणसे मदतीला आली, पियानो फळीवरून चढला. आम्ही निघालो तेव्हा ऊन पडले होते. अर्ध्या उरलेल्या भिंतींवर कुणाकुणाच्या झोपायच्या खोल्यांचे फुलाफुलांचे कागद उघड्यावर लखलखत होते.

टेकडीचा चढ लागल्यावर यांनी गिअर बदलला आणि विचारले, "खरंच जुळल्या होत्या?"

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. मी खोटे बोलले हे त्यांना कळले की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाचता आले नाही. नऊ वर्षे मी त्याच चेहऱ्यासमोर बसून जेवत आले होते, आणि तेव्हाही मला काही ऐकू आले नव्हते.