बसऱ्याहून निघालेलं गलबत

सुमनमावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मुंबईत माझ्या बँकेत कामात होतो. कामातच असायचो मी... तिनं मागितलेला एक दिवस मला दोन वर्षं सापडला नव्हता.

मावशी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची. तिथे संगणक आले आणि तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिनं लग्न केलं नव्हतं. तरसालीच्या घरात ती आणि तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दोघंच. रिकामी बसेल ती मावशी कसली! तिनं घरातली एक जुनी सल हाती घेतली. तिचे पणजोबा गोविंदराव गायकवाडी पागेत होते. घोडे आणायला समुद्रापार बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत. 'तिकडे दुसरी बायको केली,' असं लोक म्हणायचे आणि घरच्यांनीही तेच खरं धरलं. त्यांची बायको मात्र मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. ती आरशासमोर बसली की जावा तोंड फिरवून हसायच्या.

गोविंदरावांचं बसऱ्याहून आलेलं एकच पत्र घरात होतं. त्यात परतीच्या गलबताचं नाव होतं, 'फतेह मुराद'. तेवढ्यावर मावशी वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उलटू लागली. बंदरात कोणतं जहाज आलं, कोणतं गेलं, हे त्या काळी छापून यायचं. गलबत बसऱ्याहून निघालं... मस्कतला पाणी भरलं... पुढे वादळात सापडलेलं कुणा कप्तानानं पाहिलं. मावशी वहीत नकाशा काढून एकेक ठिपका देत गेली. मुंबईला पोचल्याची बातमी ज्या आठवड्यात असणार, त्याचे अंकच बडोद्यात नव्हते.

"मुंबईला मिळतील बघ. एक दिवस काढ ने, विनू," ती म्हणाली.

"काढतो ना, मावशी."

पुढच्या फोनला तिनं विचारलं, त्याच्या पुढच्यालाही. मग विचारणं सोडलं. शेवटच्या भेटीत ती अंथरुणावर होती. "तुला वेळ झाला तर..." एवढंच बोलली आणि स्वतःच विषय बदलून मी जेवलो का, ते विचारलं.

तिच्या तेराव्यानंतर मी मुंबईतल्या वाचनालयात गेलो. अंक हातात यायला तासही लागला नाही. बातमी चार ओळींची होती. गलबत मोडक्या डोलकाठीनिशी बंदराला लागलं. बरेच घोडे बुडाले. त्यांचे दोर सोडवताना बडोदे दरबारचा एक माणूस लाटेसरशी समुद्रात गेला. नाव दिलं नव्हतं.

त्या शनिवारी तरसालीला जाऊन आजोबांना ती बातमी वाचून दाखवली. नव्वदीचे आजोबा, त्यांनी दोनदा वाचायला लावली.

"नाव नाही, आजोबा. दुसरा कुणी असेल कदाचित."

"पत्रात लिहिलेलं ना त्यांनी, बडोद्याचा मी एकलाच इथे म्हणून." मग म्हणाले, "माझ्या आजीला सगळे हसायचे रे... लहानपणी मीसुद्धा हसलोय." आणि माझ्याकडे न बघता, "सुमनला कळायला हवं होतं."



सर्वपित्री अमावास्येला मी रजा काढून बडोद्याला गेलो. इतकी वर्षं गोविंदरावांच्या नावानं आमच्या घरात कुणी पाणी सोडलं नव्हतं; त्या दिवशी आजोबांनी सोडलं. मग त्यांचा हात थांबला. पुढचं नाव त्यांच्या मुलीचं होतं. मी त्यांच्या मनगटाला आधार दिला, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून ते निघालं.