शांताक्कांचं सोंगाचं मटण

शांताक्कांच्या दारात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न यायचा, "काय खाऊन आलीस गं?" मासा, अंडं, कोंबडी यातलं काही पोटात असलं तर बाहेरच्या कट्ट्यावर बसायचं, नसलं तर आत. रामनगरात आमची घरं भिंतीला भिंत लावून आणि आमच्याकडे धरणाचे मासे सारखे यायचे, त्यामुळे माझं निम्मं बालपण त्या कट्ट्यावर गेलं. राग मात्र कधी आला नाही. चहा तिथंही तितकाच गोड मिळायचा आणि आक्का स्वतः उंबऱ्याच्या आत पाट टाकून तासन्‌तास गप्पा मारायच्या.

उळवीच्या देवाला मानणारं, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घर त्यांचं. नियमाला घरचं-दारचं कुणी सुटायचं नाही. सून सविता गणेशगुडीची, माहेरी सगळं खाणारी. लग्न झाल्यावर तिनं आपणहून सोडलं. पण माहेराहून आली की आंघोळीचं पाणी तापेपर्यंत तीही पिशवी घेऊन मुकाट्यानं कट्ट्यावर. मला ते बघवत नसे.

मग सविताला दिवस गेले आणि अन्नावरची वासनाच उडाली. भात नको, भाकरी नको, ताकही पोटात ठरेना. वजन वाढायचं सोडून कमी व्हायला लागलं तसे आक्कांनी डोहाळे विचारले. ती काही सांगेना. शेवटी नवऱ्याजवळ, मल्लूजवळ बोलली : मटणाचा रस्सा खावासा वाटतोय. मल्लू बेळगावला गेला आणि सोयाबीनच्या मटणाचं पुडकं घेऊन आला.

आक्कांनी ते चिमटीत धरून कट्ट्यावर, नेमकं माझ्या शेजारी, आणून ठेवलं. "जीव मारायचा न्हाई आणि त्याचं सोंग तेवढं खायचं? मनात बकरं मेलंच की!"

"आणि आक्का, तुम्ही नीरफणसाच्या कापा माशागत रव्यात घोळवून तळताय, ते?"

"नीरफणसानं कधी सांगितलं व्हय, मी मासा हाय म्हणून?"

मी चहा पिऊन घरी गेले.

पण त्या दुपारी सविताचं ताट पुन्हा तसंच परत आलं. आक्का बराच वेळ त्या ताटाकडे बघत बसल्या, असं मल्लूनं नंतर सांगितलं. सकाळी बघते तर त्या आमच्या अंगणात उभ्या. "रेखे, तुमच्यातलं मटणाचं पातेलं दे. माझी भांडी ह्याला न्हाई लावायची."

परसात तीन दगडांची चूल मांडली. सोंग असलं तरी ते स्वयंपाकघरात शिजणार नव्हतं. कधी नव्हे तो विहिणीला फोन लावून वाटण विचारून घेतलं. कांदा-खोबरं भाजलं, धने, तीळ, लवंग, सगळं पाट्यावर. विहिणीनं सांगितलं होतं, मटण चांगलं तासभर शिजू द्या. आक्कांनी पुडक्यातलं सोयाबीनही इमानानं तासभर रटरटत ठेवलं. विहिणीला मटण कशाचं ते सांगायचं राहिलं होतं आणि आक्कांना आयुष्यात कधी मटण शिजवायची वेळ आली नव्हती.

"तू खाणारी. चाखून सांग, बकरं झालं काय?"

मी चाखलं. "आक्का, बकऱ्याचं पिठलं झालंय."

आक्कांचा चेहरा इतका पडला की मला हसू आवरावं लागलं. पण वास परसभर सुटला होता आणि त्या वासानं सविता बाहेर आली. थाळीत वाढून घेतलं आणि कुणी काही म्हणायच्या आत ती सवयीनं कट्ट्यावर जाऊन बसली. भाकरीबरोबर खात राहिली, बोटं चाटत. अचानक तिचे डोळे भरून आले. "आत्ती, मटण ऱ्हाऊ दे. वाटण माझ्या आईचंच हाय."

आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. आवाज एकदम बदलला. "ऊठ. आत बसून खा."

"आत्ती, हे आत?"

"पोटुशी बाय माझ्या घराच्या भाईर बसून जेवणार व्हय?" मग माझ्याकडे वळून, "तू पण चल."

"आक्का, मी सकाळीच बांगडा..."

"मी इचारलं व्हय तुला?"

आक्कांनी स्वतः ते सोयाबीन कधीच तोंडात घातलं नाही. "सोंग ते सोंगच," हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही आणि त्यांच्या घरात मटणही कधी शिजलं नाही. पण दारातला प्रश्न त्या दिवसापासून बदलला. कुणीही आलं की विचारायच्या, "जेवलीस काय गं?"

आक्का गेल्या पावसाळ्यात गेल्या. परवा मासे खाऊन त्यांच्या घरी गेले आणि जुन्या सवयीनं कट्ट्यावर टेकले. सविताची लेक आतून धावत आली. नाक हुबेहूब आजीचं. माझा हात धरून ओढत म्हणाली, "भाईर का बसलीस? जेवलीस काय गं?"

मी जेवले होते. तरी नाही म्हणाले आणि आत गेले.