खांब नेले, खेळ नाही

लोहाऱ्याहून आलेल्या जीपवाल्यानं निरोप दिला, आमच्या शाळेच्या वाघमारे बाई गेल्या. त्याला आता महिना होईल. शाळेत शोकसभा झाली आणि जो उठला तो म्हणाला, बाई फार शांत स्वभावाच्या होत्या... ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. बाई अजिबात शांत नव्हत्या. शांत असत्या तर आमचा एक अख्खा उन्हाळा भिंतीच्या कडेला बसून गेला असता.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला, शाळेला सुट्टी, आणि आम्हाला एकच ताकीद: पळायचं नाही, पळालं की तहान लागते. गावात पाणी टँकरनं यायचं. आम्ही मुलं दिवसभर मेंढरांसारखी सावलीला दाटून बसायचो, एकमेकांच्या खोड्या काढायचो आणि मार खायचो. बाईंना हे बघवेना. त्या आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातल्या, नोकरीला लागलेल्या तिथल्या पहिल्या बाई. त्यांनी सोसायटीच्या गोदामातले दोन लाकडी खांब मागून आणले, कोरड्या पडलेल्या तळ्यात रोवले आणि ऊन चढायच्या आत खो-खो सुरू केला. गावातली आणि बौद्धवाड्यातली पोरं-पोरी एका रांगेत, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. धापा टाकत आम्ही हसायचो. हसायला दुसरं काही नव्हतंच तेव्हा.

थोड्याच दिवसांत सोसायटीचे चेअरमन तळ्यावर आले.

"बाई, पोरं पळाली की पाणी लई पितेत. आणायचं कुठून?"

"माझ्या घरची घागर आणते की मी, आण्णा. त्यातलंच पितेत समदी."

खरं दुखणं तेच होतं. आण्णांनी आवाज खाली आणला. "मंग दोन डाव करा. आमची येगळी, तुमची येगळी."

"खो पाठीवर हात ठिवून द्यावा लागतो," बाई म्हणाल्या. "पाठ कुणाची ते बघत बसलं तर गडी सुटून जातो."

संध्याकाळी सोसायटीची मालमत्ता म्हणून खांब उपटून नेले गेले. आता खांबच नसले तर पळणाऱ्यामागं धावणाऱ्यानं वळायचं कुठून? खेळ बंद पाडायची ही बरी युक्ती होती.

सकाळी आम्ही गेलो ते नुसते खड्डे बघायला. बाई आल्या, पदर खोचला आणि एका खड्ड्यात पाय रोवून उभ्या राहिल्या. "मला धरून वळा," म्हणाल्या. दुसरा खड्डा रिकामाच होता... तेवढ्यात कामावर निघालेली माझी आई तळ्यात उतरली. आमचं घर चेअरमनांच्या भावकीतलं. त्यांच्यापुढं आईनं कधी मान वर केली नव्हती. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि त्या दुसऱ्या खड्ड्यात जाऊन उभी राहिली.

"भावजींनी खांब नेले," ती म्हणाली, "मला कसं नेतेत बघू."

बौद्धवाड्यातली सुमन धावत आली आणि आईच्या कमरेला हात घालून गर्रकन वळली. आई ताठ. त्या दिवशी कामावर तिला मुकादमाची बोलणी खावी लागली, घरी वडिलांची. ती भाकरी वाढत राहिली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा उभी. सुट्टी संपेपर्यंत तळ्यात या दोन बायका होत्या आणि त्यांना हलवायची छाती कुणाची झाली नाही.

यंदाही तळं कोरडं आहे. मुलं घेऊन मी माहेरी आले आहे. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी आईनं मला पहाटेच उठवलं आणि तळ्यावर नेलं. तिचे गुडघे आता दुखतात, पण ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली आणि समोर बोट दाखवून म्हणाली, "बाईच्या जागंवर तू ऱ्हा."

तेव्हापासून मी रोज तिथं उभी राहते. दोन्हीकडची पोरं मला धरून वळतात, चेअरमनांचा नातूसुद्धा. खांब अजून कुणी दिलेले नाहीत. आम्ही मागणारही नाही.