खिडकीजवळची खाट

परवा तुम्ही दोघांनी दोन देशांतून एकाच वेळी फोन केलात. डिसेंबरात सगळे इथे जमणार, मग थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये तीन दिवस राहायचं, खोल्या आत्ताच घ्यायला हव्यात, वगैरे. शेवटी विचारलंत, "आजी, तुला कुठली खोली?" मी चटकन म्हणाले, "माझं काय, मला कुठेही चालेल."

फोन ठेवला, चहा घेतला, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. ते माझं नव्हतंच. ते अक्कांचं होतं. म्हणून आज सर्जापूर रोडवरच्या या नवव्या मजल्यावर, तुमची आत्या ऑफिसला गेल्यावर, हे लिहायला बसले आहे. पूर्ण वाचल्याशिवाय खोल्या पक्क्या करू नका.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला, बसवनगुडीच्या घरात आले तेव्हा त्या घराची व्यवस्था अक्कांच्या हातात होती. त्यांचं लग्न फार लवकर झालं होतं, आणि नवरा गेल्यावर त्या तितक्याच लवकर माहेरी परतल्या होत्या. दोन्ही धाकट्या भावांना आणि सर्वांत लहान बहिणीला त्यांनीच वाढवलं. आमच्या सासरची माणसं बंगळूरला कितीतरी पिढ्यांपासून राहिलेली, त्यांच्या मराठीत कानडी अगदी विरघळून गेलेलं. त्यामुळे अक्का ही नुसत्या भावंडांची अक्का नव्हती. दूधवाला, फुलवाली, शेजारपाजार, सगळ्यांचीच ती अक्का.

सुट्टीत घर भरलं की रात्रीची अंथरुणं अक्का घालायच्या. त्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे. मुलं पंख्याखाली, घोरणारे व्हरांड्याच्या बाजूला, पहाटे उठणारे दाराजवळ, नवी सून असेल तर तिला भिंतीकडची जागा. सगळ्यांच्या गाद्या पडल्या की उरेल त्या फटीत अक्का आपली चटई पसरायच्या. कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, कधी कपाट आणि शिवणयंत्राच्या मध्ये. "अक्का, तुम्ही कुठे?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. "मला कुठेही चालतं गं," त्या म्हणाल्या. पुढे मी विचारायचं सोडून दिलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. तुमचे बाबा सातवीत होते आणि आत्या चौथीत. शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर एक थीम पार्क निघाला होता. पाळणे, उंच घसरगुंड्या, आणि एक मोठा तलाव, ज्यात यंत्राने लाटा उठवत. राहायला आत कॉटेज होती. शेजारचे लोक जाऊन आले आणि त्यांच्या तोंडी आठ दिवस दुसरा विषय नव्हता. अक्का कैऱ्या किसत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "लाटा म्हणजे समुद्रासारख्या? पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तसं होतं का?"

वाळू नसते, फरशी असते, असं शेजारीण म्हणाली. अक्कांनी समुद्र कधी पाहिला नव्हता.

त्या मे महिन्यात पुण्याहून धाकटे दीर आणि नागपूरहून नणंद, दोघंही सहकुटुंब येणार होती. सगळ्यांनी मिळून त्या पार्कमध्ये एक रात्र राहायचं ठरलं. तजवीज माझ्याकडे आली, कारण शाळेत इंग्रजी शिकवणारी मी आणि पत्रं, अर्ज, याद्या ही माझीच खाती. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: एका कॉटेजमध्ये दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, जादा गादी मिळणार नाही. मला त्याचा आनंदच झाला. आम्ही चौघं, दीर चौघं, नणंद चौघं. तीन कॉटेज. भाग पूर्ण जात होता, बाकी शून्य. मी सुवाच्य इंग्रजीत पत्र लिहिलं, होकार आला, आणि मी शाळेच्या टाइपरायटरवर यादी तयार केली. कॉटेजचा क्रमांक, माणसं, टॉवेल, औषधं, कोणाची बॅग कोण उचलणार. ती कपाटाच्या दारावर डकवली.

पाहुणे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उप्पीट खायला बसले होते. अक्का वाढत होत्या. तुमच्या बाबांनी यादी काढून आणली आणि मोठ्याने वाचून त्याचं मराठी करून सांगायला सुरुवात केली. अक्कांना मराठी आणि कानडी वाचता येई, इंग्रजी नाही. तीन कॉटेज वाचून झाली. मग तो म्हणाला,

"अक्का, तू कुठल्या कॉटेजमध्ये?"

"बघ की, लिहिलं असेल त्यात."

"नाहीये. पुन्हा वाचू?"

"नको. उप्पीट गार होतंय."

तुमचे आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी कुटुंबं मोजली होती, माणसं मोजलीच नव्हती. उरलेल्या फटीत अक्का मावतील असं माझे हात आपणहून धरून चालले होते, आणि कॉटेजमध्ये फट नव्हती.

"सरी, ठीक आहे, बरंच झालं," अक्का म्हणाल्या. "दुधाला दार कोण उघडणार होतं? तुळशीला पाणी? सगळेच गेले तर घराकडे कुणी बघायचं?"

दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. हातात कागदात गुंडाळलेल्या रबरी चपला होत्या, पांढरा तळवा आणि निळे पट्टे. गांधी बाजारातून त्यांनी स्वतः जाऊन आणल्या होत्या. एरवी बाटलीचं बूच घ्यायलासुद्धा त्या कुणाला तरी पाठवत. "आपलं माप एकच आहे," त्या म्हणाल्या. "तू घाल. तिथे ओल्यात पाय घसरतो म्हणे." चपला पलंगावर ठेवून त्या निघून गेल्या. मी त्या कपाटात ठेवल्या, घातल्या नाहीत.

मी रिसॉर्टला फोन केला. पलीकडचा मॅनेजर नियम वाचून दाखवावा तसा बोलत होता. कॉटेजमध्ये पाचवा माणूस चालणार नाही. हवी तर एकटीसाठी वेगळी खोली आहे, पण ती फाटकाशेजारच्या इमारतीत. मी अक्कांना विचारलं. त्या हसल्याच. "अय्यो, एकटी? खोलीत? जन्मात झोपले नाही एकटी. त्यापेक्षा माझं घर काय वाईट आहे?" दीर म्हणाले आपण लपवून नेऊ. नणंद म्हणाली मी येत नाही, माझ्या जागी अक्का जाईल. मग तिची धाकटी रडायला लागली. सगळ्यांची मनं चांगली होती आणि मार्ग एकही सुचत नव्हता. आणि प्रत्येक बोलण्याबरोबर अक्का थोड्या थोड्या मागे सरकत होत्या. "माझ्यावरून एवढा गोंधळ नको," असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी पर्स उचलली आणि बसस्टॉपवर गेले.

रिसॉर्टची एक कचेरी गावात होती. टेबलामागे माझ्या वडिलांच्या वयाचे एक कारकून बसले होते, कपाळावर गंध, खिशाला दोन पेनं. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि कानडीत विचारलं, "एष्टु जना?" किती माणसं?

"हदिमूरु," मी म्हणाले. तेरा. हा आकडा मी पहिल्यांदाच तोंडाने म्हणत होते.

त्यांनी माझंच पत्र काढून पाहिलं. "इथे तर बारा आहेत. तेरावं कोण?"

"आमची अक्का. यजमानांची थोरली बहीण."

"घरातल्या सर्वांत मोठ्या?"

"हो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पत्र फार छान अक्षरात लिहिलं आहे हं, अम्मा," ते म्हणाले. आणखी काही बोलायची गरज नव्हती.

मग "स्वल्प इरी" म्हणून मला थांबायला सांगून ते आत गेले आणि एक जाड वही घेऊन आले. शाळांच्या सहलींसाठी पार्कात एक लांब हॉल होता. दोन रांगांत सोळा लोखंडी खाटा, टोकाला न्हाणीघरं. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून तो रिकामा. गालिचा नाही, टीव्ही नाही, गरम पाणी फक्त सकाळी. "पण सोळा खाटा आहेत," ते म्हणाले. "तुमच्या घरात अजून कुणी राहिलं असेल तर तेही बसेल." मी तीन कॉटेज रद्द करून हॉल घेतला.

घरी जाऊबाईंनी पहिला बार उडवला. "वहिनी, म्हणजे आम्ही पुण्याहून शाळेच्या वसतिगृहात राहायला आलो म्हणायचं! शिट्टी कोण वाजवणार? तुम्हीच ना?" सगळे हसले, त्याही हसल्या. कॉटेजच्या गालिच्याबद्दल त्या पुण्यात शेजारणीला सांगून आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्याबद्दल त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

अक्का मात्र हसल्या नाहीत. "माझ्यासाठी सगळ्यांच्या चांगल्या खोल्या घालवल्यास?" त्या म्हणाल्या. "मी नाहीच येणार आता."

माफी मागायला हवी होती. पण आमच्या घरात वन्सांशी तसं कुणी बोलत नसे. त्यांनी ती मागू दिली नसती, मला शब्द सापडले नसते. मी एक कोरा कागद घेतला. या वेळी टाइपरायटर नाही. हाताने, मराठीत, ठळक अक्षरांत. वर पहिलं नाव अक्कांचं, खाली बाकीचे बारा. नावांसमोरचा रकाना रिकामा. स्वयंपाकघरात जाऊन मी तो त्यांच्यासमोर ठेवला.

"सोळा खाटा आहेत. कोणी कुठे झोपायचं ते मला कळत नाही. तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी कागद वाचला. पहिल्या ओळीवर जरा थांबल्या. मग बराच वेळ त्या ओट्यावरचे डाळीचे डबे सारखे करत राहिल्या. मला वाटलं, संपलं.

"पंखे किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"चार."

"मग पोरं दोन पंख्यांच्या मधल्या खाटांवर घे. नागपूरकर जावई घोरतात, त्यांना पार टोकाला. पण न्हाणीघराच्या टोकाला नको, रात्री तिकडे सगळ्यांना जायचं असतं. तुझी जाऊ पहाटे उठते, तिला दाराशी." असं एकेक करत त्यांनी बारा जणांना जागा दिली. एकदाही अडखळल्या नाहीत.

"आणि तुम्ही?"

"मला कुठेही चालतं गं."

मी पेन खाली ठेवलं. "अक्का, ‘कुठेही’ धरून मी एकदा यादी केली. तेवढं आता सांगू नका. खाटेचा नंबर सांगा."

मी त्यांच्याशी त्या सुरात कधी बोलले नव्हते. मग त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि हळूच, जणू दुकानात फार महागाची वस्तू दाखवायला सांगावी तसं, विचारलं,

"खिडक्या आहेत का तिथे?"

मी पेन पुन्हा उचललं.

तो दिवस मला अजून सकाळपासून संध्याकाळपर्यंत आठवतो, पण तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. लाटांचा भोंगा वाजला तेव्हा अक्का नऊवारी पोटऱ्यांपर्यंत खोचून, मी परत दिलेल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला हातात धरून, तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात उभ्या होत्या. एका बाजूला तुमचे बाबा, दुसऱ्या बाजूला आत्या. लाट घोट्यांवर आली आणि परत गेली. "सरकलं गं!" त्या ओरडल्या. पायाखाली फरशी होती, सरकण्यासारखं काही नव्हतं. पण कुणीच त्यांना तसं म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट दुपारची. मी हॉलमध्ये टॉवेल मोजायला आले तर अक्का खिडकीजवळच्या खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या, पाठीशी उशी, चपला खाली जोडीने ठेवलेल्या. पाच पोरं ओलीचिंब धावत आली आणि थेट त्या खाटेवर चढायला लागली. घरी अक्कांची चटई म्हणजे सगळ्यांची वाट. कुणीही तुडवून जावं, त्या पाय आखडून घेत.

"ए, थांबा," अक्का म्हणाल्या. "ही माझी खाट आहे. आधी पाय पुसा, मग वर या. आणि खिडकीकडची बाजू मी कुणाला देणार नाही."

पोरं इतकी चकित झाली की खरंच पाय पुसायला गेली. मी टॉवेल पुन्हा पहिल्यापासून मोजले.

घरी परतल्यावर त्यांनी अंथरुणं घालायची पद्धत बदलली नाही. फक्त त्या सुट्टीत उरलेल्या रात्री तुमचे आजोबा किंवा मी, कुणीतरी आधी जाऊन व्हरांड्याच्या खिडकीखाली एक गादी टाकून ठेवत असू. अक्का "हे कुणी केलं?" असं रोज विचारायच्या, आणि तिथेच झोपायच्या.

आता अक्का नाहीत, तुमचे आजोबाही नाहीत, आणि घरातली सर्वांत मोठी मी आहे. तेव्हा परवाचं उत्तर खोडते. आधी माणसं मोजा, खोल्या मग. आणि माझ्या नावासमोर लिहा: खिडकीजवळची खाट, तुम्ही सगळे असाल त्याच हॉलमध्ये.